तळमजल्यावरचे कोच

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणारे अमेरिकन गृहस्थ ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले, त्या दिवशी माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली. त्याआधीचे सहा महिने आम्ही टपालपेट्यांपाशी एकमेकांकडे बघून हसायचो, तेवढंच. गावातल्या अमेरिकन फुटबॉल क्लबने त्यांना कोच म्हणून आणलंय, हे मला इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने सांगितलं होतं.

मार्च महिना होता. मी कचऱ्याचा पिवळा डबा आत घेत होते आणि ते जिन्याच्या पायरीवर बसून बूट काढत होते. मी हॅलो म्हटलं. त्यांनी मान वर करून एकदम विचारलं, "तू मोठ्या रस्त्यावर आहेस. उजवीकडच्या गल्लीतून एक छोटी गाडी येतेय. पाटी नाही, सिग्नल नाही. थांबायचं का?"

"थांबायचं."

"का?"

"ती उजवीकडून येतेय म्हणून."

"एवढंच कारण?"

"एवढंच."

ते हातातल्या बुटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी पोरांना शिकवतोय, आधी कुठे बघायचं ते. आणि आज परीक्षकबाईंनी मला त्याच गोष्टीसाठी नापास केलं."

ते सहासष्ट वर्षांचे होते. अमेरिकेतलं लायसन्स इथे सहा महिनेच चालतं, ती मुदत संपलेली. आणि जर्मनीतलं वोल्फ्सबुर्ग म्हणजे मोटारींच्या कारखान्याचं, गाडीवाल्यांचं गाव. मैदान कालव्यापलीकडे, बस तासाला एक, आणि त्यांच्याजवळ चेंडूंची दोन पोती, प्लास्टिकचे शंकू आणि एक घडीचं स्टूल. मी म्हटलं, आज मी सोडते. तेव्हा मी घरूनच काम करायचे, एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. संध्याकाळी पाचनंतर मोकळी असायचे. एकदा सोडलं, मग मंगळवारी सोडलं, मग गुरुवारीही.

"आल्झो, तू त्यांची ड्रायव्हर झालीस तर," नवरा म्हणाला. तो कारखान्यात सॉफ्टवेअरमध्येच आहे. इथल्या सात वर्षांत त्याच्या बोलण्यात 'म्हणजे'च्या अर्थाचं हे जर्मन आल्झो कधी शिरलं ते त्यालाही कळलेलं नाही.

"ते गोष्टी सांगतात," मी म्हटलं.

"कसल्या?"

"नोकऱ्यांच्या."

खरं म्हणजे ते आपणहून काही सांगत नसत. मी विचारलं की सांगत, आणि तेही विचारलं तेवढंच. पंधरा मिनिटांचा रस्ता. घरी परत आले की मला जाणवायचं, अमुक विचारायचं राहिलं. मग ते पुढच्या खेपेला.

त्यांची पहिली नोकरी एका कॉलेजात होती, पुढचं शिक्षण घेता घेता. तिकडे कॉलेजच्या फुटबॉलला गावच्या जत्रेसारखी गर्दी लोटते म्हणे. काम काय, तर समोरच्या संघाच्या सामन्यांची फिल्म कात्रीने कापायची आणि सारख्या चाली एकापुढे एक चिकटवायच्या. कोच सकाळी येऊन त्या बघणार. रात्री ते तिथल्याच सोफ्यावर झोपायचे. "माझी बायको तेव्हा माझी बायको नव्हती," ते म्हणाले. "ती म्हणायची, तुझ्या अंगाला चिकटपट्टीचा वास येतो."

मग ते बचाव करणाऱ्या मुलांचे कोच झाले. मुख्य कोच नव्हे, त्याच्या हाताखालचे आठ-नऊ कोच असतात त्यातले एक. यातला एक नियम मला फार चमत्कारिक वाटला. मुख्य कोचला काढलं की त्याच्याबरोबर बाकीचेही जातात. तुम्ही शिकवलेल्या मुलांनी कितीही चांगला खेळ केलेला असो. मी हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे क्लायंटने प्रोजेक्ट बंद केलं की अख्खी टीम बेंचवर. तसंच." त्याला त्यात नवल वाटलं नाही.

"किती गावं झाली?" मी एकदा विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि सहावर थांबले. "सातव्या गावात बायकोने खोकी उघडलीच नाहीत," म्हणाले. "भिंतीला लावून ठेवली. मला वाटलं, दमली असेल. नाताळपर्यंत तशीच होती. मग ती खोकी घेऊन ती तिच्या बहिणीकडे गेली. पॅकिंग आधीच झालेलं होतं."

रस्त्यात एक सायकलवाली आली, मी ब्रेक दाबला, आणि ते म्हणाले, "उजवीकडून. बघ, शिकतोय मी."

मी पहिला सामना पाहिला तो मेमध्ये. तोवर मला या खेळाचं ओ की ठो कळत नव्हतं. मैदानावर दोन्हीकडची अकरा-अकरा माणसं वाकून उभी राहतात, एकदम एकमेकांवर कोसळतात, चार सेकंदांत सगळं संपतं, आणि मग सगळे उठून अर्धा मिनिट बोलत बसतात. इथे हे सगळं हौशी. कोणी कारखान्यात पाळीवर, कोणी शिकणारा, एक दातांचा डॉक्टर. कडेला सॉसेजचा स्टॉल, खेळाडूंच्या आयांनी आणलेले केक.

परतताना कोच गाडीत बसले, पट्टा लावला आणि विचारलं, "काय दिसलं?"

मला वाटलं, सौजन्य म्हणून विचारताहेत. मी म्हटलं, छान होता सामना.

"ते नाही. काय दिसलं?"

मी मैदान पुन्हा डोळ्यांसमोर आणलं. मग म्हटलं, "तुमचा तो चोवीस नंबर. समोरचा चेंडू घेऊन अंगावर आला की तो टाचेवर जातो. वजन मागे. मग त्याला फक्त गळ्यात पडता येतं. पाय धरता येत नाही."

कोच माझ्याकडे वळून बघायला लागले. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. दिसलं."

"टाच कोण बघतं? लोक चेंडू बघतात."

मग मला सांगावं लागलं. मी कबड्डी खेळायचे. भोसरीत वाढले, वडील तिथल्या एका कारखान्यात फिटर होते, घरामागच्या मैदानावर संध्याकाळी मुलींचा संघ सराव करायचा. नवव्या वर्षी बघायला गेले आणि अकराव्या वर्षी खेळायला लागले. मी डावा कोपरा सांभाळायचे. चढाईला आलेल्या मुलीच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, ती डोळ्यांनी खोटं बोलते. तिच्या कमरेकडे आणि पावलांकडे बघायचं.

त्या दिवशी मी गाडी इमारतीसमोर लावली आणि आम्ही तासभर गाडीतच बसून राहिलो. त्यांच्या प्रश्नांना अंत नव्हता. मैदान केवढं? माणसं किती? चढाई करणारीने सारखं कबड्डी कबड्डी म्हणायचं? म्हणत राहिली की नाही, हे कोण ठरवतं? पंच? आणि तिने मध्येच हळूच श्वास घेतला तर? नव्वद किलोच्या माणसाला साठ किलोचा कसा धरतो?

"एकटा धरत नाही. दोघं हात धरून साखळी करतात. पण कोपऱ्यातला एकटाही धरतो, घोट्याला. समोरच्याने पाऊल उचललं की त्याच क्षणी. आधी नाही, नंतर नाही."

"मग सोडलंस का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला विद्यापीठाच्या शिबिरासाठी माझी निवड झाली होती. त्याच आठवड्यात परीक्षा होती. घरी कोणी काही म्हणालं नाही, मीच परीक्षा निवडली. यात मोठं दुःख वगैरे काही नव्हतं.

"तुझ्या जागी कोण गेलं?" कोचनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत मी ते कधी कोणाला विचारलंच नव्हतं. त्यांना नवल वाटलं हे मला दिसलं.

त्याआधी एप्रिलमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. घरात एकट्या बसून त्यांना कंटाळा यायचा, म्हणून त्या पहिल्या सामन्यानंतर मी त्यांनाही गाडीत घ्यायला लागले. मागच्या सीटवर त्या, त्यांच्या मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. कोचना त्या पुऱ्या फार आवडल्या. सासूबाईंना इंग्रजी अगदीच समजत नाही असं नाही, पण बोलायच्या त्या मराठीतच, माझ्याकरवी.

"त्यांना विचार, घरी कोण असतं?"

"कोणी नाही म्हणतात, आई. एक मुलगी आहे, मोठी, शिक्षिका आहे तिकडे."

"आणि एवढी गावं बदलली, तर मतदान कुठे करतात?"

मी ते इंग्रजीत सांगितलं आणि कोच इतके हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, "हे मला आजवर एकानेही विचारलं नाही. तिला सांग, कित्येक निवडणुकांत केलंच नाही. नाव मागच्या गावात असायचं."

"मग ते बरं नाही," सासूबाई म्हणाल्या. तेही मी सांगितलं.

बाहेरगावी सामना असला की रस्ता लांब, आणि गोष्टही लांब. हॅनोव्हरच्या पलीकडे जाताना ए-टू महामार्गावर ट्रकांची न संपणारी रांग लागली होती, तेव्हा मी त्यांना विचारलं, कॉलेजात तुम्ही कधी मुख्य कोच झालात का?

"झालो. एका सामन्यापुरता." सोमवारी मुख्य कोचला काढलं, शनिवारी सामना होता, कोणीतरी उभं राहायला हवं होतं. संघ जिंकला. पुढच्या सोमवारी नवा माणूस आला आणि त्याने आपली माणसं आणली.

"वाईट वाटलं?"

"तेव्हा वाटलं. पण तुला खरं वाईट वाटलेलं सांगतो." ते खिडकीबाहेर बघत होते. "आम्हाला शाळांमधून मुलं निवडून आणायला लागायची. त्यांच्या घरी जायचं, आयांच्या स्वयंपाकघरात बसायचं, जेवायचं. एका आईने मला विचारलं, माझ्या मुलाचा गुडघा मोडला तर तू त्याला बघायला येशील का? मी म्हटलं, येईन. दोन वर्षांनी मोडला."

"गेलात?"

"नाही. तोवर मी दुसऱ्या राज्यात दुसऱ्या कॉलेजात होतो. आणि पुढच्या शनिवारी त्याच्याच संघाविरुद्ध आमचा सामना होता."

मागून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हटलं, नंतर सांगते. मला विचारायचं होतं, त्या मुलाचं पुढे काय झालं. पण तोंडातून प्रश्न निघेना. शेवटी तेच म्हणाले, "तो आता बरा आहे. विमा विकतो. पंधरा वर्षांनी मी त्याला फोन केला. त्याला माझं नाव आठवायला जरा वेळ लागला."

एरीना फुटबॉलविषयी ते मात्र वेगळ्याच आवाजात बोलायचे. कॉलेजात पंचवीस-एक वर्षं काढल्यावर त्यांना कुठेच जागा मिळेना, तेव्हा ते तिकडे वळले. हा तोच खेळ, पण बंद हॉलमधला. आइस हॉकीचा हॉल असतो. बर्फावर फळ्या टाकतात, त्यावर हिरवा गालिचा अंथरतात. मैदान अर्ध्याहून लहान, माणसं आठ. कडेला रेघ नाही, गादी लावलेली भिंत. गोलच्या दोन्ही बाजूंना उंच जाळ्या, त्यांवर चेंडू आपटून परत आला तर खेळ चालूच.

"पायांना गार लागायचं," ते म्हणाले. "वर दिव्यांची आग आणि बुटाखाली बर्फ. भिंतीपलीकडे लगेच प्रेक्षक. एकदा माझा एक खेळाडू भिंतीवरून उलटा होऊन एका बाईच्या मांडीवर पडला, तिच्या हातातल्या चीज लावलेल्या चिप्ससकट. त्यानंतर ती बाई प्रत्येक सामन्याला त्याच खुर्चीवर यायची. नटून."

सासूबाईंना हे मी ताबडतोब सांगितलं. त्यांनी हसून हसून डोळे पुसले.

तिथे ते खरे मुख्य कोच झाले. एका संघाचे दोन वर्षं, दुसऱ्याचे एक, तिसऱ्याचे चार महिने. कारण संघच बंद पडायचे. एका दुपारी ते सरावाला हॉलवर पोचले तर माणसं गालिचा गुंडाळत होती. मालकाने हॉलवाल्यांना कळवलं होतं, कोचना कळवायचं राहिलं. खेळाडू एकेक करून येत होते, बॅगा घेऊन.

"मग काय केलंत?"

"पार्किंगमध्ये सराव घेतला."

"संघ बंद पडल्यावर?"

"ते आले होते ना," कोच म्हणाले, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. "दोन तास घेतला. मग सगळे घरी गेले."

जूनमध्ये त्यांनी मला सरावाच्या वेळी मैदानात बोलावलं. बचावातल्या तीन मुलांना घोट्याची पकड दाखवायची. मी आधी नाही म्हटलं. त्रेचाळीस वर्षांची बाई, गुडघा थोडा कुरकुरणारा, आणि समोर ती धिप्पाड पोरं. "तू डाव्या कोपऱ्यात किती वर्षं होतीस?" त्यांनी विचारलं. दहा, म्हटलं. "ह्यांना दोन झालीत," ते म्हणाले.

चोवीस नंबर कारखान्याच्या रंगविभागात काम करायचा. शांत मुलगा, पंचविशीचा, मानेवर रंगाचा निळा ठिपका राहिलेला. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे चालत ये, मग पळत ये. मला चुकवून जा. तो आधी लाजत आला. दुसऱ्यांदाही लाजला. तिसऱ्यांदा कोच ओरडले, "ती तुझी आई नाही!" तेव्हा तो नीट आला. उजवं पाऊल टाकल्यासारखं केलं आणि डावं उचललं. माझे हात आपोआप गेले. त्याचा घोटा माझ्या मुठीत होता आणि तो गवतावर, आणि मीही गवतावर, आणि माझ्या तोंडातून शाळेतली आरोळी निघाली होती. कोणती ते मी इथे लिहीत नाही.

मुलं टाळ्या वाजवत होती. कोच वाजवत नव्हते. ते गुडघ्यावर बसून माझे हात कुठे आहेत ते बघत होते. "पुन्हा," म्हणाले. आम्ही ते चौदा-पंधरा वेळा केलं. नंतर आठवडाभर मला जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागला.

गाडीत बसले तेव्हा सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "तू कबड्डी खेळायचीस?"

"हो."

"लग्नाला सोळा वर्षं झाली. कधी बोलली नाहीस."

"विषय निघाला नाही, आई."

"मी शाळेत लंगडी आणि खोखो खेळायचे," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "तालुक्याला गेले होते. तेही कोणाला माहीत नाही." घर येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो. कोच पुढे बसून एक अक्षर न कळता ऐकत होते, आणि सासूबाईंचे हातवारे बघून उतरताना म्हणाले, "हिलाही मैदानात आणायला हवं का?" मी ते भाषांतर करून सांगितलं तर सासूबाईंनी पदर खोचल्याचा अभिनय केला.

आता मी हे लिहितेय म्हणजे त्या पकडीने संघ जिंकला असं कोणाला वाटेल. तसं झालं नाही. ऑगस्टमध्ये घरच्या मैदानावर महत्त्वाचा सामना होता. जिंकलो असतो तर वरच्या श्रेणीत जायची आशा होती. सासूबाई तोवर पुण्याला परतल्या होत्या आणि व्हिडिओ कॉलवर मी त्यांना गुणफलक दाखवत होते. शेवटची दोन मिनिटं. समोरचा एक जण चेंडू घेऊन कडेने सुटला आणि त्याच्यासमोर फक्त चोवीस नंबर. मला तो दिसत होता. वजन पुढच्या पावलावर, टाच उचललेली, सगळं बरोबर. आणि तरी त्याने अर्धा क्षण वाट पाहिली, पाऊल उचलण्याची. समोरचा त्याच्यावरून उडी मारून निघून गेला.

मी मान खाली घातली. सासूबाई फोनमधून विचारत होत्या, "काय झालं? दिसत नाही मला."

कोच चोवीस नंबरपाशी गेले. त्याच्या हेल्मेटला कपाळ टेकवून काहीतरी बोलले. परतताना मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"नाही. माझ्यामुळे," ते म्हणाले. "त्याच्या डोक्यात मी दोन गोष्टी घातल्या. जुनी आणि नवी. त्याने त्यातली निवडली आणि तेवढ्यात उशीर झाला. नवी गोष्ट हिवाळ्यात द्यायची असते. हे मला कळायला हवं होतं." मग थोडं थांबून, "पण त्याची टाच पाहिलीस?"

"पाहिली."

"हं," ते म्हणाले आणि त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

सप्टेंबरच्या शेवटी क्लबच्या समितीने त्यांना बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी जर्मन बोलणारा तरुण कोच घ्यायचं ठरलंय. वाईट वागले असं नाही. केक होता, एक चांगला पेन दिला. मला राग आला होता. मी म्हटलं, दोन सामने इकडे-तिकडे झाले असते तर? कोचनी खांदे उडवले. "माणूस कोण येणार आहे ते कळलं का?" त्यांना हेच जाणून घ्यायचं होतं. त्याचं वय काय, तो कुठे खेळायचा, त्याने बचाव शिकवलाय की आक्रमण.

दुसऱ्या दिवशी ते वर आमच्याकडे आले, हातात वही. त्यात त्यांनी प्रत्येक खेळाडूसाठी एक पान लिहायला घेतलं होतं. नव्या कोचसाठी. त्यांना ते जर्मनमध्ये हवं होतं.

"हे तिकडे सगळे कोच करतात?" मी विचारलं.

"नाही. माझ्यासाठी कोणी कधी ठेवलं नाही. अकरा ठिकाणी गेलो, अकरा ठिकाणी पहिले तीन महिने मी चुकीच्या मुलावर ओरडत होतो."

पुढचे दोन आठवडे आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून ते केलं. ते सांगायचे, मी टाइप करायचे, आणि जर्मन जिथे अडेल तिथे नवरा मदत करायचा. मी समजत होते, चाली आणि वजनं असतील. तेही होतं. पण बाकी वेगळंच. हा डाव्या कानाने कमी ऐकतो, त्याला उजवीकडून हाक मार. ह्याची दुसरी पाळी असते त्या आठवड्यात तो उशिरा येईल आणि कारण सांगणार नाही. ह्याला सगळ्यांसमोर शाबासकी देऊ नको, तो दोन दिवस बिघडतो. हा दातांचा डॉक्टर सामन्याआधी ओकतो, काळजी करू नको. चोवीस नंबरच्या पानावर शेवटी एकच ओळ होती: हिवाळ्यात घोटा शिकव, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना विचार.

"मला न विचारता लिहिलंत," मी म्हटलं.

"आता विचारतो," कोच म्हणाले. मी ती ओळ ठेवली.

त्यांना तिकडे अमेरिकेत काम मिळालं. कुठल्याशा छोट्या गावात नवा एरीना संघ उभा राहत होता, पूर्वी त्यांच्याकडे खेळलेला एक जण तो चालवणार होता आणि त्याने फोन केला होता. मुलीचं म्हणणं होतं, आता पुरे, माझ्याकडे या. मीही तेच विचारलं, घाबरत घाबरत. त्यांनी बराच विचार केला. "मला त्या मुलांची नावंही माहीत नाहीत अजून," म्हणाले. मला वाटलं ते नाही म्हणताहेत. मग कळलं की हेच त्यांचं जाण्याचं कारण होतं.

देश सोडायचा तर आबमेल्डुंग लागतं, म्हणजे मी इथून गेलो अशी नोंद. मी त्यांच्याबरोबर राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी नवा पत्ता विचारला. कोचकडे पत्ता नव्हता. हॉलचं नाव होतं फक्त.

"मग देश लिहा, चालेल," त्या म्हणाल्या.

"नुसता देश?" त्यांनी मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, हो. त्यांना ते फारच सोयीचं वाटलं. एवढ्या वर्षांत इतक्या सहज कुठल्याच कार्यालयाने त्यांना सोडलं नव्हतं, असं ते म्हणाले.

ऑक्टोबरमध्ये ते गेले. तिकडचा त्यांचा संघ अजून चालू आहे. जिंकतात कमी, हरतात जास्त, पण चालू आहे. अधूनमधून ते मला सामन्याचे छोटे व्हिडिओ पाठवतात आणि खाली विचारतात, काय दिसलं? मी लिहिते. कधी कधी ते म्हणतात, नाही, पुन्हा बघ.

जानेवारीत एका संध्याकाळी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. नवा कोच होता, तरुण आवाज, अतिशय नम्र. वही त्याने पूर्ण वाचली होती. माझे आभार मानले, घोट्याविषयी पुढच्या आठवड्यात बोलू म्हणाला. मग जरा अडखळला.

"एक शंका आहे. एकसष्ट नंबरच्या पानावर लिहिलंय, 'त्याला कबुतरांविषयी विचार.' हे भाषांतर बरोबर आहे का?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं. "तसंच सांगितलं होतं त्यांनी."

"कसली कबुतरं?"

"मला माहीत नाही."

"मग मी काय करू?"

"विचारून बघा की," मी म्हटलं. "आणि काय म्हणाला ते मलाही सांगा."